पंचबाईंच्या हातपिशवीतला मीटर

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण मला कॅल्क्युलेटर समजतो. तुम्हीही समजला असाल, तर त्यात तुमची चूक नाही. तळहातावर मावेल एवढे अंग, राखाडी रंग, पुढे छोटा पडदा आणि खाली दोन बटणे. दुसरे काय वाटणार? पण मला बेरीज-वजाबाकी येत नाही. माझ्या पट्टीवर रक्ताचा एक थेंब ठेवला, की ते रक्त गोठायला किती वेळ घेते हे मी तपासतो आणि एक आकडा दाखवतो. तेवढेच माझे काम होते. आता मी जुना झालो आहे आणि तेही सुटले आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे सगळे पांढऱ्या टोप्या आणि हातमोजे घालून काम करत, त्यामुळे मला घडवणाऱ्या माणसांचे चेहरे मी पाहिलेच नाहीत. खोक्यात बंद होऊन मी एका क्लिनिकच्या कपाटात आलो. तिथून मला ज्यांनी नेले, त्यांना सगळे जण पंचबाई म्हणत.

पंचबाई बुद्धिबळाच्या स्पर्धांमध्ये पंच होत्या. आज या गावी, पुढच्या आठवड्यात त्या गावी. साठीच्या आसपास त्यांच्या हृदयातली एक झडप बिघडली. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून तिथे कृत्रिम झडप बसवली. तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून त्यांना रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागे. ही गोळी मोठी तंत्राची. कमी पडली तर रक्ताची गाठ होण्याची भीती, जास्त झाली तर रक्त वाहू लागले की थांबत नाही. पंचबाईंचा आकडा अडीच आणि साडेतीन यांच्या मध्ये राहायला हवा होता. सतत फिरतीवर असलेले माणूस दर आठवड्याला एकाच प्रयोगशाळेत कसे जाणार? म्हणून मी.

मला वापरायला शिकवले ते क्लिनिकमधल्या सिस्टरनी.

"आधी हात कोमट पाण्याने धुवा," त्या म्हणाल्या. "मग हात खाली सोडा, रक्त बोटात उतरू द्या. टोचल्यावर पहिलाच थेंब पट्टीवर, लगेच. उगाच बोट पिळत बसायचं नाही."

"आमच्याकडे मोहऱ्याला हात लावला की तो हलवावाच लागतो," पंचबाई म्हणाल्या. "तसंच दिसतंय हे. टोचलं की माघार नाही."

"मला बुद्धिबळ येत नाही, पण हो, तसंच. आणि दर रविवारी आकडा मला फोनवर सांगायचा. चांगला आला तरी सांगायचा."

त्या दिवसापासून मी पंचबाईंच्या हातपिशवीत राहू लागलो. मोठी बॅग त्या गाडीच्या टपावरही द्यायच्या, विमानाच्या पोटातही द्यायच्या. पण मी, माझ्या पट्ट्यांची डबी आणि डॉक्टरांची चिठ्ठी कायम त्यांच्या मांडीवर. गोळ्या त्या दोन ठिकाणी विभागून ठेवत, म्हणजे एक बॅग हरवली तरी दुसरीतल्या हाताशी असाव्यात. एकदा सामान तपासणाऱ्याने मला उलटेपालटे करून विचारले, "कॅल्क्युलेटर एवढा जपून?" पंचबाई म्हणाल्या, "एकाच माणसाचा हिशोब करतो, म्हणून जपते."

मित्रांनो, पंचाचे काम एकटेपणाचे असते, हे मला त्यांच्यामुळे कळले. खेळाडू एकमेकांशी हसतात, जेवायला एकत्र बसतात, हरलेल्या डावावरून तावातावाने बोलतात. पंच जवळ आला की गप्प होतात. पंचबाईही कुणात फारशा मिसळत नसत. उद्या याच माणसाविरुद्ध निर्णय द्यावा लागला तर, असे त्यांना वाटे. हॉटेलच्या खोल्या सगळीकडे सारख्याच: एक पलंग, भिंतीकडे तोंड केलेले टेबल, दोन पेले, त्यातला एक कायम उपडा. माझेही तसेच होते. आठवडाभर पिशवीतला काळोख आणि रविवारी एक थेंब.

पण रविवार मला आवडे. पंचबाई मला टेबलावर ठेवत आणि एखाद्या पाहुण्याला म्हणावे तसे म्हणत, "हं, काय म्हणताय?" मी आकडा दाखवी. मग फोन.

"दोन पॉइंट नऊ."

"छान. गोळी तीच चालू ठेवा. जेवण वेळेवर आहे ना?"

"आहे."

"थंडी आहे का तिथे?"

"आहे थोडी."

एवढेच बोलणे व्हायचे. फोन ठेवल्यावरही पंचबाई तो थोडा वेळ हातातच धरून बसत.

अशी काही वर्षे गेली. मग ती डोंगरावरच्या थंड गावातली स्पर्धा आली.

सभागृह जुने होते, छत उंच. फेरी सुरू झाली, की इतकी शांतता पसरे की कागदावर पेन चालल्याचे ऐकू येई. पंचबाई एका पटाजवळ उभ्या होत्या, मी त्यांच्या खांद्याला लटकलेल्या पिशवीत. तिथे खेळत होते एक दाढीवाले गृहस्थ. त्यांच्या घड्याळात थोडीच मिनिटे उरली होती. त्यांनी अचानक हात वर केला.

"मॅडम, कुणाचं तरी घड्याळ टिकटिक करतंय. मला काही सुचत नाहीये."

मुख्य पंच आले. आजूबाजूच्या सगळ्यांना त्यांनी मनगटी घड्याळे काढून बाहेर ठेवायला सांगितले. सगळ्यांनी काढली. आवाज येतच होता. मला तो चांगला ओळखीचा होता. आमच्या खोलीत तोच तर एक आवाज असायचा.

पंचबाई हळू आवाजात म्हणाल्या, "घड्याळ नाही ते. माझ्या हृदयात झडप बसवली आहे, ती वाजते."

दाढीवाल्यांचा चेहरा उतरला. "माफ करा, मला कल्पना नव्हती..."

"तक्रार बरोबर आहे," पंचबाई म्हणाल्या. आवाज तोच, ज्यात त्या इतरांना नियम सांगायच्या. मग त्या मुख्य पंचांकडे वळल्या. "व्यत्ययाबद्दल यांना घड्याळात दोन मिनिटं वाढवून द्या. आणि मला उद्यापासून दाराजवळचं टेबल द्या."

दाराजवळ गार वारा येई. दोनच दिवसांत पंचबाईंचा घसा धरला. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात त्या म्हणाल्या, "घसा बसलाय, काहीतरी जोरदार द्या." दुकानदाराने गोळ्यांचे पाकीट दिले. आपण रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतो, हे त्यांनी सांगितले नाही. सिस्टरनी त्यांना पढवून ठेवले होते, की कुठलेही नवे औषध आधी विचारल्याशिवाय घ्यायचे नाही. पण त्या दिवसांत पंचबाईंना आपल्या आजाराचे नावही नको झाले होते. अन्न गिळताना घसा दुखे, म्हणून जेवणही सुटल्यासारखेच होते.

रविवार आला. मी वाट पाहत होतो. पंचबाईंनी मला पिशवीतून काढले, हातात घेऊन क्षणभर पाहिले आणि म्हणाल्या, "छातीत एक मशीन, पिशवीत एक मशीन. पुरे झालं." त्यांनी मला मोठ्या बॅगेत, स्वेटरांच्या खाली सारून दिले.

थोड्या वेळाने फोन वाजला. मला कपड्यांच्या थरांमधून ऐकू आले.

"ताई, आकडा?"

"तीन," पंचबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी तर त्या दिवशी काहीच बोललो नव्हतो. ज्या बाईंनी आयुष्यभर कुणाला अर्ध्या गुणाचीही सवलत दिली नाही, त्या माझ्या नावावर खोटे बोलल्या. मला राग आला नाही. बॅगेच्या तळाशी, त्या गारठ्यात, मला फक्त त्यांची काळजी वाटत राहिली.

पुढे काय घडले ते मला त्यांच्या फोनवरच्या बोलण्यातून नंतर कळले. दोन दिवसांनी सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते. मनगटाच्या वर एक मोठा काळानिळा डाग उमटला होता. त्यांनी बाही खाली ओढून घेतली आणि त्या कामाला गेल्या. दुपारी, फेरी सुरू व्हायच्या आधी, दाढीवाले त्यांच्या टेबलाशी आले. हातात चहाचे दोन कप.

"त्या दिवसाबद्दल वाईट वाटतंय," ते म्हणाले. "रोज यावंसं वाटत होतं, धीर होत नव्हता."

पंचबाईंनी कप घ्यायला हात पुढे केला आणि बाही वर सरकली.

"हे काय लागलं?"

"आपटलं असेल कुठेतरी."

"असं आपटल्यावर लक्षात राहतं हो माणसाच्या. घरी कुणाला सांगितलंत?"

"घरी भाऊ आहे. तो फोन उचलेपर्यंत डाग जाईलसुद्धा," पंचबाई म्हणाल्या. त्या हसल्या, पण ते हसले नाहीत. चहा तसाच ठेवून त्या वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीवर आल्या.

त्यांनी मला बॅगेतून काढले तेव्हा मी बर्फासारखा गार पडलो होतो. पडद्यावर तापमानाचे चिन्ह आले. इतक्या थंडीत मला काम करता येत नाही. पंचबाईंनी मला दोन्ही तळव्यांत धरले, वर शाल ओढली आणि त्या पलंगाच्या काठावर बसून राहिल्या. मला हळूहळू ऊब आली.

मग थेंब. मी माझे काम केले आणि दाखवले: सहा पॉइंट आठ.

"खोटं बोलतोयस," त्या म्हणाल्या. त्यांनी नवी पट्टी घेतली, दुसरे बोट टोचले. सहा पॉइंट सात. पहिल्या बोटाला लावलेला कापूस तोवर लाल झाला होता आणि रक्त अजून झिरपतच होते.

त्यांनी फोन लावला. "सिस्टर, रविवारी मी तीन सांगितलं. ते तपासून सांगितलेलं नव्हतं."

सिस्टरनी लगेच विचारले, "आज किती आहे?"

"सहा पॉइंट आठ."

सिस्टर रागावल्या नाहीत. "नवीन औषध काही?"

"घशासाठी गोळ्या घेतेय."

"त्यानेच आकडा चढला असणार, आणि जेवणही नसेल धड. आजची गोळी घेऊ नका. तिथल्या मोठ्या दवाखान्यात आत्ता जा, दंडातून रक्त काढून परत तपासायला सांगा. घशाच्या गोळ्यांचं पाकीट बरोबर न्या. आणि ताई, एकट्या जाऊ नका. पडलात, डोक्याला लागलं, तर महागात पडेल. कोण आहे बरोबर?"

खोलीत नुसती ती टिकटिक ऐकू येत होती, नेहमीपेक्षा भरभर.

"ताई?"

"बघते कुणीतरी."

फोन ठेवून, मला पिशवीत टाकून, कोट घालून त्या बराच वेळ पलंगावरच बसून राहिल्या. दवाखाना फार दूर नव्हता. जड होते ते विचारणे. पंचाने कुणाच्या उपकारात राहू नये, असे त्या मानत आल्या होत्या, आणि ते इतके नीट पाळले होते की आता हाक मारायला कुणी उरले नव्हते.

शेवटी त्या जिन्याचा कठडा धरून खाली सभागृहाशी आल्या. मुख्य पंच एका वादग्रस्त डावात अडकले होते. दाढीवाले बाहेरच्या बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होते.

"तुमचा डाव संपला?"

"हरलो. पटकन हरलो."

"मला दवाखान्यात जायचंय." पंचबाई थांबल्या. "एकटी जाऊ नको असं सांगितलंय."

"चला," एवढेच म्हणून ते उठले.

दवाखान्यात रक्त तपासले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातल्या तपासणीचा कागद आणि माझा पडदा शेजारी धरला. "मीटर बरोबर सांगतोय," त्या म्हणाल्या. माझ्या आयुष्यातले हे सगळ्यात मोठे कौतुक. पण माझा आकडा चुकीचा ठरला असता, तर मला जास्त आनंद झाला असता. पंचबाईंना ठेवून घेतले, घशाच्या गोळ्या बदलल्या, आकडा उतरवायला औषध दिले. दाढीवाले बाहेरच्या खुर्चीत बसून होते. दुसऱ्या दिवशी आकडा खाली येऊ लागला, तेव्हा ते दारातूनच "काळजी घ्या" म्हणाले आणि आपल्या गावाच्या गाडीने निघून गेले. मला वाटले होते, आता यांची मैत्री होईल. तसे काही झाले नाही. दोघांनाही एकमेकांचा नंबर मागायचे सुचले नाही.

त्यानंतर पंचबाईंनी एकही रविवार चुकवला नाही. पण माझ्या जातीच्या पट्ट्या बाजारात मिळेनाशा झाल्या आणि माझ्या जागी नवे यंत्र आले. ते फार हुशार आहे. थेंब पडला की आकडा आपोआप क्लिनिकमध्ये पोचतो. सांगायची गरज नाही. साहजिकच सिस्टरांचा फोनही बंद झाला. आता येतो तो संदेश: ठीक आहे, तीच गोळी.

मी कपाटाच्या खणात, सुटी बटणे आणि संपलेली पेने यांच्यामध्ये पडून असतो. खण पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे मला दिसते. रविवारी पंचबाई तपासणी करतात, संदेश वाचतात आणि फोन शेजारी ठेवून बराच वेळ खिडकीकडे बघत बसतात.

मागच्या रविवारी मात्र त्यांनी फोन उचलला आणि नंबर लावला.

"ताई? आकडा मिळाला मला, चांगला आहे," सिस्टर म्हणाल्या. "काही होतंय का?"

"नाही, काही होत नाही. सहज केला."

"थांबा, दार लावून येते." पावलांचा आवाज, मग खुर्ची ओढल्याचा. "हं, बोला आता."

पंचबाईंनीही खुर्ची ओढून घेतली. मग त्या हळूहळू बोलू लागल्या.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे यंत्र असेल, तर त्याला कोरडे ठेवा, पट्ट्यांची मुदत पाहत जा, प्रवासात त्याला हाताशी ठेवा आणि त्याने सांगितलेला आकडा आवडला नाही तरी लपवू नका. आणि ज्या माणसाच्या बोटातून तो थेंब येतो, त्याच्याशी दोन शब्द बोला. मला आकड्यापलीकडे काही बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.