सात अर्ज, एक हस्ताक्षर

आमच्या लॉन्ड्रीत मागच्या बाजूला इस्त्रीचे कपडे ठेवायचं लांब टेबल आहे. दर शनिवारी सकाळी लॉन्ड्रीवाला त्याचा अर्धा भाग मला मोकळा करून देतो आणि मी तिथे लोकांचे अर्ज लिहायला बसतो. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढायची सवय होती, स्वतःचं वाक्य लिहायची नव्हती. त्यामुळे प्रत्येक अर्ज लिहून झाला की मला वाटतं, आपण या माणसाचं काम बिघडवलं.

या वर्षी पालिकेने वस्तीतल्या छोट्या गटांना अनुदान द्यायचं जाहीर केलं. आमच्या चार गल्ल्यांत कुठून कुठून आलेली माणसं राहतात. नळावर भांडताना सगळ्यांची भाषा एक होते, पण त्या अर्जाची भाषा अशी होती, की ती जन्मापासून बोलणाऱ्यालाही घाम फुटावा. शिंपीणबाईंना बायकांच्या शिवणवर्गाच्या खोलीत चांगले दिवे हवे होते. न्हाव्याला दुकानाबाहेरच्या बुद्धिबळाच्या पटांवर छप्पर हवं होतं. नर्सबाई घरोघरच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे जायच्या, त्यांना औषधांच्या पिशव्या न्यायला एक ढकलगाडी हवी होती. असे सात गट आले. मी प्रत्येकाचं ऐकलं आणि लिहून दिलं.

दोन आठवड्यांनी पालिकेचं पत्र आलं. सातही गटांनी सभासदांच्या नोंदवह्या घेऊन समक्ष हजर राहावं, अर्ज लिहिणाऱ्यानेही. घरी धाकट्या बहिणीला वाचून दाखवलं.

"दादा, काय करून ठेवलंस?"

"ठाऊक नाही. काहीतरी नक्कीच केलं असणार."

"तुझं हे असंच! पत्र उघडायच्या आधीच गुन्हा कबूल."

पालिकेच्या खोलीत अधिकारी बाई बसल्या होत्या. तरुण होत्या, दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी सात अर्ज पत्त्यांसारखे टेबलावर मांडले.

"सातही अर्जांत एकच हस्ताक्षर. एकच शाई. आणि सातही अर्जांच्या शेवटी एकच वाक्य, 'यात काही चूक झाली असल्यास क्षमा असावी.' अनुदान मागणारे सात गट एकदमच क्षमा कशी काय मागतात?"

मागे कोणीतरी खुसखुसलं. माझे कान तापले. ते वाक्य मीच प्रत्येकाच्या खाली लिहिलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं.

"एकाच माणसाने खोटे गट दाखवून पैसे लाटल्याचं मागच्या वर्षी उघड झालंय," बाई म्हणाल्या. "म्हणून यंदा नियम आहे. एका माणसाला एकाच गटात राहता येतं. एक माणूस दोन गटांत सापडला, तर ते दोन्ही अर्ज बाद. आजोबा, तुम्ही कोणत्या गटाचे?"

मी तोंड उघडलं. पण मला शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि आमच्या वस्तीला तेवढा धीर नाही.

"आमचे!" न्हावी उठलाच. "दर गुरुवारी पटावर असतात. दर वेळी हरतात, पण येतात."

"अहो, कसले तुमचे?" शिंपीणबाई उसळल्या. "आमच्या वर्गात बसून पुस्तक वाचून दाखवतात. बायका मशीन थांबवून ऐकतात. ते आमचेच."

"आणि औषधांच्या याद्या कोण लिहितं?" नर्सबाईंनी विचारलं. "यांच्याशिवाय माझं एक पाऊल पुढे पडत नाही."

मी थक्क होऊन ऐकत होतो. न्हाव्याकडे मला वाटायचं, आपण चांगल्या खेळाडूची जागा अडवतो. शिवणवर्गात वाटायचं, बिचाऱ्या भिडेपोटी ऐकून घेतात. उरलेले चौघेही उठले होते. प्रत्येक जण मला आपल्याकडे ओढत होता आणि अधिकारी बाईंचा चेहरा पडत चालला होता. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे एक माणूस, सात गट," त्या हळूच म्हणाल्या. "मग मला काही करता येणार नाही. सातही बाद."

खोली एकदम गार पडली. दिवे गेले, छप्पर गेलं, ढकलगाडी गेली. मी उभा राहिलो.

"बाई, मी यांच्यापैकी कोणाचाच नाही."

"हे काय बोलताय?" शिंपीणबाई म्हणाल्या.

"शिंपीणबाई, गप्प बसा!"

इतक्या वर्षांत मी कुणाला गप्प बसा म्हटलं नव्हतं. त्या खरंच बसल्या.

"सगळ्यांच्या नोंदवह्या इथे आहेत," मी म्हणालो. "बघा. एकीतही माझं नाव नाही. मी जाऊन बसतो, एवढंच. त्यांनी हाकलून दिलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. अर्ज मी लिहिले, काम त्यांचं आहे. ते वाक्य माझं एकट्याचं. खोडून टाका."

अधिकारी बाईंनी सातही वह्या पहिल्या पानापासून पाहिल्या. मग एकेका अर्जावर मंजुरीचा शिक्का मारला. "वाक्य राहू दे," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर सगळे मला उचलून घेतील, असं माझ्या बहिणीला वाटलं होतं. पण न्हावी मान फिरवून चालू लागला. शिंपीणबाई जाता जाता म्हणाल्या, "कोणाचाच नाही म्हणे! हाकलून दिलं नाही म्हणे!"

पुढच्या शनिवारी टेबलापाशी एकही माणूस फिरकला नाही.

"त्यांचं काम झालं. आता मी कशाला लागतोय?" मी घरी म्हणालो.

"त्यांना लागलंय ते, दादा," बहीण म्हणाली. "सबंध पालिकेसमोर तू त्यांना परकं केलंस. जा, समजूत काढ. आणि ते क्षमेचं वाक्य लिहून नेऊ नकोस. तोंडाने बोल."

मी शिवणवर्गाच्या दाराशी गेलो. आत नवे दिवे लागले होते. मशीनच्या आवाजात माझं पहिलं वाक्य कोणाला ऐकू गेलं नाही. दुसरं मला जमलं नाही. शिंपीणबाईंनी काजावरची नजर काढली नाही.

"ज्यांचं वहीत नाव नाही, त्यांनी दाराबाहेर बसायचं," त्या म्हणाल्या.

मी बाहेरच्या पायरीवर बसलो. पिशवीतलं पुस्तक काढलं आणि हळू आवाजात वाचू लागलो. मग आतून एक मशीन थांबलं, पाठोपाठ दुसरं, आणि शिंपीणबाईंचा आवाज आला.

"अहो, पायरी गार आहे. ही उशी घ्या. आणि वाचायचं तर मोठ्याने वाचा, बाहेरून नीट ऐकू येत नाही."