पहिल्या माशाचं स्वागत

जवळ सरका, मायबापहो, एका पवित्र संतापाची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या आमच्या मूळवासी वस्तीच्या खाडीकाठी हंगामातला पहिला सॅमन मासा होडीतून आला. तो देवाघरचा पाहुणा. त्याचं स्वागत लुशुतसीड या आमच्या पूर्वजांच्या भाषेतच व्हायचं. तीन वर्षं खपून ती भाषा शिकलेली डेल्फिन मावशी पुढे झाली, तोच वस्तीचा प्रमुख क्लेरन्स कुजबुजला, "मावशी, इंग्रजीत उरक. शहरातून आलेली पाहुणेमंडळी खुर्च्यांवर कंटाळतील."

डेल्फिन कडाडली, "मेल्या, हा मासा इंग्रजी शाळेत गेला होता का? माझी ॲग्नेस आत्या गेली होती, सरकारने लहानपणीच ओढून नेली म्हणून! ही भाषा बोलली म्हणून तिच्या तोंडात साबण कोंबला. तिने साबण गिळला, भाषा सोडली नाही. तू खुर्च्यांवरच्या चार माणसांसाठी सोडतोस?"

मग अडखळत का होईना, तिने लुशुतसीडमध्ये स्वागताचे सगळे शब्द म्हटले. दुप्पट वेळ लागला. लागू दे!

मायबापहो, हात जोडाल तेव्हा त्या ॲग्नेस आत्याला आठवा.