दीड तासाचा तक्ता

त्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं होतं. धुकं नाही, वारा नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे झाल्या गोष्टीचं खापर हवेवर फोडायला मला जागा उरत नाही.

मी विमानाच्या तिकिटांच्या दुकानातला तक्ता बोलतोय. कुठलं शहर किती किलोमीटर आणि विमानाला किती वेळ, हे माझ्या अंगावर रंगवलंय. मला स्वतःला वाचता येत नाही. लोक मोठ्यानं वाचायचे, तेवढंच मला कळायचं.

रंगवणारा पेंटर भला माणूस, पण घाईचा. परदेशातल्या एका शहराच्या विमानाबद्दल मालकांनी त्याला सांगितलं, "इथून आठला सुटतं, तिथे साडेनऊला टेकतं." त्यानं वजाबाकी केली आणि लिहिलं, दीड तास. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दोन तास मागे चालतं, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक? खरे लागतात साडेतीन.

जाऊन आलेले लोक म्हणायचे, "मालक, तुमचा तक्ता थापा मारतो हो!" मालक हसायचे. "बोलावतो पेंटरला." सहा वर्षं बोलावतच होते. त्या हसण्यात मीही हसून घेतलं.

मग त्या दिवसाच्या आदल्या दिवशी किल्लीवाल्याची बायको आली. किल्लीवाला आमच्याच रस्त्यावर कुलपं दुरुस्त करतो. त्याच्या घशाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला होतं, आणि त्यानंतर आवाज राहणार नव्हता. त्याच परदेशातल्या शहरात त्याचा थोरला भाऊ. दोघांचं अकरा वर्षं बोलणं नाही. आवाज आहे तोवर दोन शब्द बोलून घेऊ, म्हणून थोरला यायला तयार झाला होता.

मालक जेवायला गेलेले. टेबलावर त्यांची मेहुणी.

"तिथून आज संध्याकाळी निघणारं देऊ, की उद्या सकाळी दहाचं?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "दीड तासाचंच तर आहे. दहाला निघाले की साडेअकराला इथे. सकाळचंच द्या. भाऊजी आजच आले तर हे दोघे रात्रभर भांडतील मेले!"

दोघी हसल्या. मी भिंतीवर ताठ.

थोरल्याला ऑपरेशनची वेळ कोणी सांगितलीच नाही. तो दुपारच्या आत पोचणारच होता ना.

तिथले दहा म्हणजे इथले बारा, आणि वर साडेतीन तास. विमान अगदी वेळेवर आलं. दुपारी साडेतीनला.

किल्लीवाल्यानं सकाळपासून कोणाशी बोलणं टाकलं होतं म्हणे. आवाज भावासाठी जपून ठेवला होता. आत नेताना एवढंच म्हणाला, "नाहीच आला ना."

बाई दुसऱ्या दिवशी येऊन हे सांगून गेल्या. ओरडल्या नाहीत. माझ्यापुढे उभ्या राहून तो आकडा बोटानं पुसू लागल्या. रंग पक्का होता. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मालकांनी मला उतरवून मागच्या खोलीत ठेवलं, तोंड भिंतीकडे करून. ते एक बरं केलं. कोणाला दाखवायला तोंड राहिलंच नव्हतं.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. भिंतीवरची चूक दिसली, तर नुसते हसून पुढे जाऊ नका.

काल शेजारचा शिंपी मला कापड बेतायला मागून घेऊन गेला. पॉलिशपेपरनं माझे आकडे घासता घासता, स्वतःशीच बोलावं तसा मला म्हणाला, "किल्लीवाल्याच्या दुकानात दोघे भाऊ बसतात आताशा. थोरला दिवसभर बडबडतो, धाकटा पाटीवर त्याला शिव्या लिहून दाखवतो. महिना होऊन गेला, पण परतीचं तिकीट काही काढलं नाही बघ त्यानं."