अर्थ सांगणारा

रविवारी सकाळी आई अन्य भाषेत बोलू लागली आणि आमची पुढची खोली लांबली. मी लगेच टेप आणून मोजले. प्रत्येक वेळी आकडा वेगळा येत होता, म्हणून आधी वाटले की माझेच चुकते आहे. मग लक्षात आले की आकडा चुकत नाही, वाढतो आहे. आई बोलत होती तोवर मागची भिंत सावकाश मागे जात होती आणि तिच्यापुढे नवी फरशी येत होती. तीही जुन्या फरशीसारखीच लाल, कडेला तीच काळी पट्टी. सांधा कुठे आहे ते वाकून शोधले. सांधा नव्हता.

आई ख्रिस्ती, बाबा बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. त्यांनी नोंदणी करून लग्न केले आणि दोघांनीही आपला धर्म सोडला नाही. बाबा गेल्यानंतरही आई शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या धर्माचा दिवा लावायची आणि रविवारी मंडळीच्या उपासनेला जायची. इस्राएल आळीत ती हन्नोकची बायको होती आणि मंडळीत आळीतल्या करुणाबाई. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आहे आणि कुठेच जात नाही.

दुपारी मंडळीचे पाळक आढाव साहेब आले. आई खाटेवर बसून बोलत होती. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकले आणि सांगितले की हे आत्म्याचे दान आहे, पहिल्या शिष्यांवर माडीवरच्या खोलीत उतरले होते तेच. मंडळीतली काही माणसे त्यासाठी वर्षानुवर्षे उपास करत आहेत. मग त्यांनी डोळे उघडले आणि खोलीकडे पाहिले. मंडळीचा भाड्याचा हॉल फार लहान आहे हे मला माहीत होते. त्यांनी विचारले की संध्याकाळची उपासना इथेच घेतली तर चालेल का. मी आईकडे पाहिले. ती बोलत होती.

मंडपवाल्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि पार नव्या भिंतीपर्यंत लागल्या. माणसे यायच्या आत आईने हातानेच पाणी मागितले. मी तांब्या दिला. ती पाणी पिईपर्यंत गप्प होती, आणि तेवढ्यात खोली मिटली. भिंत सरकत आली नाही. एकदम जुन्या जागी होती. खाट होती, खाटेच्या अलीकडच्या खुर्च्या होत्या. पलीकडच्या नव्हत्या. मी बाहेर जाऊन मागच्या बोळात पाहिले. तिथे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती आणि वाळत घातलेले सोडे होते.

"खुर्च्या भाड्याच्या होत्या," पाळक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पुन्हा बोलू लागली. प्रार्थना करताना तिला येरझाऱ्या घालायची सवय आहे. या वेळी ती खाटेवरून उठली आणि भिंतीच्या मागोमाग चालू लागली. मी कुकर उतरवून बाहेर आलो तेव्हा ती खाटेच्या खूप पलीकडे, नव्या फरशीवर उभी होती आणि भिंत तिच्याही पुढे गेली होती. मी तिला हाक मारली नाही. हाक मारली असती तर तिने वळून ओ दिली असती, आणि ओ देण्यासाठी तिला थांबावे लागले असते. ती थांबली असती तर खुर्च्या गेल्या तिकडे गेली असती.

त्यानंतर ती थांबली नाही. मी पेज घेऊन तिच्यापर्यंत जायचो. चालायला रोज जास्त वेळ लागायचा. ती एखादा घोट घ्यायची, तोही बोलता बोलता, बरीच पेज पदरावर सांडायची. मी तिच्याबरोबर चालत तिचे बोलणे ऐकायचो. त्यातला एकही शब्द ओळखीचा नव्हता, पण एक गोष्ट मला दिसली. ती सलग बोलत नव्हती. एक वाक्य झाले की ती अगदी थोडी थांबायची, माझ्या तोंडाकडे बघायची, आणि मग तेच वाक्य पुन्हा सुरू करायची. तेवढ्या थांबण्यात भिंतीला लागून असलेली फरशांची एक ओळ नाहीशी व्हायची. माणूस उत्तराची वाट बघतो तेवढेच ते थांबणे होते.

बुधवारी शिमशोन काका आले. हे बाबांचे चुलत भाऊ, आळीतल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना तेच चालवतात. त्यांच्याबरोबर आळीतले सगळे पुरुष होते. बाबांनी लावलेला मेझुझा, आत वचनाची गुंडाळी असलेली ती लहान डबी, अजून आमच्या चौकटीवर आहे. प्रत्येकाने त्याला बोटे लावली, बोटांचे चुंबन घेतले आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. तिथून आई तेव्हा पेरूएवढी दिसत होती. तिचा आवाज मात्र नीट ऐकू येत होता.

"ती काय बोलते ते तिला कळतं का?" काकांनी विचारले.

मी म्हणालो की माहीत नाही.

"मग ती प्रार्थना नव्हे. आपल्यात बोलणाऱ्याला कळावं लागतं. सिनाय डोंगरावर देवाचा आवाज सत्तर भाषांत फुटला तो कशाला? ज्याला त्याला आपापल्या भाषेत समजावा म्हणून. जो कुणालाच समजत नाही तो आवाज तिकडचा नाही."

"मग कुठला?"

"तिच्यात कुणीतरी येऊन बसलंय. त्याला नाव विचारायचं आणि घालवायचं."

मी म्हणालो की मयताच्या मागे म्हणायचा काद्दिश अरामी भाषेत आहे आणि तो तरी आळीत कुणाला कळतो. काका म्हणाले की ते वेगळे, तो देवदूतांना कळू नये म्हणून तसा ठेवलेला आहे.

"आणि आपल्याला कळू नये म्हणूनही," मागून कुणीतरी म्हणाले. दोघे-तिघे हसले. काका हसले नाहीत.

घालवायच्या विधीला दहा पुरुष लागतात. आपल्या माणसांना आकड्यांनी मोजायचे नाही अशी आळीत रीत आहे, म्हणून शास्त्रातले दहा शब्दांचे एक वचन म्हणतात आणि एकेका शब्दाला एकेकाकडे बोट करतात. काकांनी वचन सुरू केले. पूर्वी ते एका दमात संपायचे आणि माणसे उरायची. आता बाकीचे इस्राएलला गेले आहेत. नववा शब्द शेवटच्या माणसावर पडला. त्याच्या पुढे मी उभा होतो. काकांचे बोट माझ्यापर्यंत आले आणि दहावा शब्द त्यांनी तोंडातच ठेवला.

"पनवेलच्या हायम मास्तरांना निरोप पाठवतो," ते म्हणाले.

इकडे पाळकांचाही आनंद ओसरला होता. अन्य भाषेत एकाने बोलावे आणि दुसऱ्याने अर्थ सांगावा, असा नियम प्रेषिताने घालून दिला आहे. मंडळीतल्या एका बाईंनी अर्थ सांगितला की राजा येत आहे, दिवे तयार ठेवा. पाळकांनी पुन्हा सांगायला लावले तेव्हा बाईंच्या सांगण्यात राजाऐवजी दुष्काळ आला. मग पाळकांनी नियमाचा पुढचा भाग काढला. अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहावे.

"ही मंडळी नाही, आमचं घर आहे," मी म्हणालो.

"मंडळीची माणसं रोज दारात उभी असतात, ओबेद. मग काय म्हणायचं याला?"

पाळक आणि काका आईबाबांच्या लग्नापासून एकमेकांशी बोलत नव्हते. गुरुवारी दुपारी ते आमच्या ओट्यावर शेजारी बसले. चहा मी केला. एकाच्या मते आत होते ते देवाचे होते, दुसऱ्याच्या मते देव सोडून कुणाचेही. त्यावर त्यांनी वाद घातला नाही. आई गप्प झाली पाहिजे यावर त्यांचे एकमत होते, आणि ते झाल्यावर काकांनी बशीतला उरलेला चहा पाळकांच्या कपात ओतला.

मी त्यांना खुर्च्यांची आठवण करून दिली.

"खुर्च्यांना आत्मा नसतो," पाळक म्हणाले. "ज्याने बोलायला दिलं तो सांभाळून परत आणील."

काका म्हणाले की तिकडे आहे ती करुणा नव्हेच. ती गेली की करुणा इथे सापडेल. मी विचारले, इथे कुठे. त्यांनी स्वयंपाकघराकडे हात केला. मी जाऊन पाहिले. ओट्यावर कुकर होता.

परत येऊन मी सांगितले की आई काहीतरी विचारते आहे. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते आणि उत्तरासाठी थांबते. भिंत मागे का जाते ते मला माहीत नाही, पण उत्तर मिळाले तर तिला पुढे बोलावे लागणार नाही, कदाचित ती चालत परत येऊ शकेल. हे मी ऐकून आणि बघून सांगतो आहे, माझ्या मनचे नाही.

पाळकांनी विचारले, "तू बाप्तिस्मा घेतलास?"

"नाही."

"मग अर्थ तुला कसा दिला जाईल?"

"अर्थ मला कळत नाही. प्रश्न आहे एवढंच कळतं."

मी काकांकडे पाहिले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "हन्नोकचा मुलगा आहेस, जीव आहे आमचा तुझ्यावर. पण बाळा, मूल आईकडून मोजतात. तू मोजला जात नाहीस."

"मी मला मोजायला सांगत नाही, काका. तिला कुणीतरी उत्तर द्या, एवढंच सांगतोय."

"आणि देणार कुठल्या भाषेत?" पाळकांनी विचारले. त्यांनी खवचटपणे विचारले नव्हते. काकाही माझ्याकडे बघत राहिले. मी कप गोळा केले.

हायम मास्तर शुक्रवारी सकाळच्या एसटीने आले. लोकांनी त्यांची पिशवी घेतली, प्यायला पाणी दिले, प्रवासाचे विचारले. त्यांनी ओट्यावर पाय ठेवला तसा मी आत धावत सुटलो. माझ्यामागे काकांनी वचन सुरू केले. या वेळी दहावा शब्द मोठ्याने आला. लांब खोलीत आवाज न विरता पुढे जातो. तो शब्द मला गाठून पुढे गेला. मग दहा माणसांचा आवाज आला, आणि त्यात पाळकांचा: "करुणाबाई, प्रभूच्या नावाने शांत व्हा."

मी आईपर्यंत पोचलो तेव्हा ते सगळे आवाज तिच्यापर्यंत पोचून गेले होते. आईने जन्मभर दोन्हीकडच्या मोठ्या माणसांचे ऐकले आहे. तिने पदर डोक्यावरून घेतला. मग तळहात तोंडावर ठेवला.

भिंत थांबली. भिंतीलगतची फरशांची एक ओळ गेली. मग दुसरी.

"आई, बोल," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि डोळ्यांनी दाराकडे दाखवले. तिकडे मोठी माणसे होती. इथून दार काडेपेटीएवढे दिसत होते. मी तिचा दुसरा हात धरून दाराकडे धावू लागलो. तीही धावत होती, पण तिचे पाय सुजले होते आणि मागे भिंत आमच्यापेक्षा वेगाने येत होती. मी मराठीत बोलू लागलो. पाळकांनी काकांच्या बशीतला चहा प्याला ते सांगितले, कुकरची शिट्टी बिघडली ते सांगितले, मी आलो आहे, मी आहे, असे सांगितले. मराठीने फरशी थांबत नव्हती. भिंत आईच्या पदराला लागली. मी तिला पुढे ओढले आणि ओरडायला तोंड उघडले.

तोंडातून आले ते दुसरेच काही होते. ते आईचेही नव्हते. आईच्या टाचांमागची ओळ जाता जाता राहिली. मग तिच्या मागे एक नवी ओळ आली. आणखी एक आली. मी बोलत होतो आणि भिंत मागे चालली होती, आणि मी काय बोलतो आहे त्यातले मला काहीच कळत नव्हते. एवढेच कळत होते की ते विचारणे आहे आणि ते आईलाच विचारायचे आहे. वाक्य संपले की मी थांबत होतो आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ती तोंडावरचा हात न काढता, भुवया आवळून, माझ्या ओठांकडे लक्ष देऊन बघत होती. आपल्या गावात कुणा परक्या मुलखातल्या माणसाने रस्ता विचारला की त्याच्याकडे बघतात, तशी.