थोरल्यांचं चुंबक

आमच्या घरात मोठेपणाचा मान फार. चहा आधी थोरल्यांना, पंगतीत पाट आधी थोरल्यांना, पाण्याची पाळी आली की ऊस आधी थोरल्यांचा भिजणार. काळीज कमजोर झालं तेही आधी थोरल्यांचं. धाकट्यांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, दोन वर्षं थांबून मगच आजारी पडायचं सौजन्य दाखवलं.

शहाण्णव साली पुण्याचे एक डॉक्टर श्रीगोंद्यात प्रयोग घेऊन आले. छातीवर चुंबकाचा पट्टा बांधायचा आणि हृदयाचे स्नायू बळकट होतात का ते सहा महिन्यांनी बघायचं. निम्म्या पट्ट्यांत चुंबक, निम्म्यांत नुसत्याच चकत्या. कुणाला काय मिळालं ते गुपित. रोजच्या गोळ्या मात्र सगळ्यांनी घ्यायच्याच.

दोघा भावांना एकेक पट्टा मिळाला. गुपित आमच्या घरी पोचलं आणि दिवस मावळायच्या आत फुटलं. बांगडीतली सेफ्टी पिन काढून मी ह्यांच्या पट्ट्याला लावली, चटकन चिकटली. थोरल्यांच्या पट्ट्याला लावली, खाली पडली.

"दादाला खोटा आन् मला खरा? बरं दिसतं का ते?" हे म्हणाले.

काळीज बंद पडलं तर बरं दिसेल का, हे मी विचारलं नाही. पट्टे बदलले. डॉक्टरांना कळू नये म्हणून पट्ट्यांवर शिवलेले नंबरही मीच उसवून इकडचे तिकडे केले. थोरल्यांनी खरा पट्टा हक्काने बांधला आणि गोळ्यांची पाकिटं फडताळात टाकली. "खरं चुंबक हाय, गोळ्या कशाला?" असं म्हणाले, हे जाऊबाईंनी मला हळूच सांगितलं. ह्यांना मात्र मी समोर उभी राहून गोळी गिळायला लावायची. आमच्या नशिबी खोटा पट्टा, त्याच्यावर विसंबून कसं चालेल?

सहा महिन्यांनी तपासणी झाली. ह्यांच्यात सुधारणा. थोरल्यांचे पाय सुजलेले, दवाखान्याचा जिना चढताना तीनदा बसले. डॉक्टरांनी फाईल उघडली आणि त्यांचा आनंद खोलीत मावेना.

"चौदा नंबर, चुंबकवाला, सुधारला! पंधरा नंबर, बिनचुंबकाचा, खालावला!" मग थोरल्यांकडे वळून म्हणाले, "काका, आता तुम्हालाही खरा पट्टा देऊ. गोळ्या चालू आहेत ना?"

"चालू हाईत," थोरले म्हणाले.

ह्यांनी मला डोळ्यांनीच दटावलं. थोरल्यांपुढे धाकट्याच्या बायकोने तोंड उघडायची आमच्यात रीत नाही. रीत पाळली असती तर डॉक्टरांचा शोध वाचला असता आणि थोरले गेले असते. मी पदर सावरला आणि सगळं सांगून टाकलं, सेफ्टी पिनेपासून फडताळापर्यंत.

डॉक्टरांनी आधी फाईलकडे पाहिलं, मग पेशंटकडे. "बाई, हे बाहेर कुठं बोलू नका," म्हणाले. थोरल्यांना रागवायचं त्यांना त्यानंतर सुचलं.

एसटी स्टँडवर थोरले बाकावर धापा टाकत बसले. शर्टात हात घालून त्यांनी पट्टा सोडला आणि शेजारी ठेवला. बावीस वर्षांत त्यांनी माझ्याशी थेट एक शब्द काढला नव्हता.

"साळूबाई," ते खाली बघत म्हणाले, "त्या गोळ्या... कशा घ्यायच्या असत्यात?"

मी सांगितलं. ह्यांना सांगते तसंच, समोर उभी राहून.