आधी दाराबाहेर

आमच्यातल्या वडीलधाऱ्या आंटी व्हर्ना अजून हॉलवर आल्या नव्हत्या आणि सरकारतर्फे आलेले हॅलोरनसाहेब सारखे घड्याळ बघत होते. आज त्यांच्यापुढे आंटी साक्ष देणार होत्या. आम्हा आदिवासींशी करार करायचा तर आधी सरकारनं आमच्या माणसांवर पूर्वी खरं काय गुदरलं ते ऐकून घ्यायचं, असं ठरलं होतं.

"कोणीतरी स्वागताचं बोला ना, म्हणजे सुरू करू," साहेब म्हणाले.

मी उठलेच! वक्तृत्वाची ढाल नुकतीच जिंकली होती. माइक दिसला की माझे पाय आपोआप चालायला लागतात. आईनं दंड धरला. "टार्नी, खाली बस."

"अगं, मी पण आदिवासीच ना!" म्हणत मी सुटले.

आणि काय बोलले! नदी, पूर्वज, झाडं. "या भूमीच्या वतीनं मी तुमचं स्वागत करते!" साहेबांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. आमच्यातलं मात्र कोणीच वाजवेना. सगळे दाराकडे बघत होते. दारात आंटी उभ्या होत्या. खांद्यावर पॉसम नावाच्या केसाळ प्राण्याच्या कातड्याची शाल, हातात स्वागताच्या धुरासाठी ओल्या पानांची फांदी.

"या, या," साहेब म्हणाले. "स्वागत उरकलंय. तुम्ही थेट साक्षच सुरू करा."

"उरकलं?" आंटींनी माझ्याकडे पाहिलं. "घर माझं, आणि दार हिनं उघडलं. न विचारता घुसणारे पुष्कळ बघितले. आपल्यातली पोर पहिल्यांदाच बघतेय." त्यांनी फांदी उंबऱ्यावर ठेवली आणि त्या परत निघाल्या.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं: ज्याची जमीन, त्यानंच 'या' म्हणायचं. आम्ही समुद्राकडचे. पणजोबांना सरकारनं इथे आणून टाकलं, तेव्हापासून या नदीवर आम्ही पाहुणेच. धरणीनं दुभंगून पोटात घ्यावं असं वाटलं, पण धरणीसुद्धा आंटींची. तिलाही त्यांनाच विचारून दुभंगावं लागलं असतं.

मी माइक सोडून पळत त्यांच्या आडवी आले. "आंटी, जाऊ नका. आम्ही बाहेर जातो. सगळे."

"बाहेर?" साहेब आतून ओरडले. "अगं, ऊन बघ!"

आई आधीच उठली होती. "साहेब, चला. पाहुण्यानं दाराशी थांबायचं असतं."

आंटी वळल्या. रिकाम्या हॉलमध्ये गेल्या आणि आधी चहा करून घेतला. चमचा ढवळल्याचा आवाज बाहेर येत होता. साहेब तोंडावरच्या माश्या हाकलत पुटपुटले, "अजून किती वेळ?"

"तुमच्या कराराइतका नाही लागायचा," मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. मला हसू येईना.

मग फांदीचा धूर झाला. आंटी दारात आल्या.

"कोण गं तू?" दर रविवारी मला जेवू घालणाऱ्या आंटी विचारत होत्या.

"टार्नी. समुद्राकडच्या माणसांची. तुमच्या जमिनीवर पाहुणी." ढाल जिंकणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "आत येऊ का?"

त्यांनी मला बराच वेळ तसंच उभं ठेवलं.

"ये. पुढे बस. आणि आता ऐक."

माझ्यामागून साहेब धुरातून मान वाकवून आत आले. याच दारातून आंटींच्या आईला कसं हाकललं होतं, तिथून आंटींनी सुरुवात केली. मी पहिल्या रांगेत, नजर माझ्या बुटांवर.