शंभरातले वीस

मित्रांनो, हृदयाची तपासणी करणारं एक जुनं इको यंत्र आहे मी. सध्या मोडक्या खाटांशेजारी पडून असतं.

मी नवंकोरं होतं तेव्हा माझ्यासाठी रुग्णालयात खास थंडगार खोली होती. छातीवर जेली लावून माझी दांडी टेकवली, की आत धडधडणारं हृदय पडद्यावर दिसे. एका ठोक्याला ते आपल्यातलं किती रक्त बाहेर ढकलतं, हे मी मोजत असे. निरोगी हृदय शंभरातले साठ भाग ढकलतं. "हे कुणाची भीड ठेवत नाही," असं डॉक्टरीणबाई माझ्याबद्दल कौतुकाने म्हणत.

एकदा एक शिंपीण आली. बाळंत होऊन महिनाच झाला होता. पाय इतके सुजलेले की नवऱ्याच्या चपला घालून आली होती. बाळ तिच्या बहिणीच्या कडेवर होतं.

"उताणं झोपवू नका हो, जीव गुदमरतो," ती म्हणाली.

"बाळंतपणाचा थकवा आहे, डॉक्टर," नवरा म्हणाला. "जरा अंग हलवलं की होईल बरी, असं घरात सगळेच म्हणतात."

तिचं हृदय ढिल्या पिशवीसारखं फुगलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मोजलं. आकडा तोच आला. वीस.

"धाप कधीपासून लागते?"

"मुलगी झाल्यापासून. सांगत होते मी."

"अहो, पण परवापर्यंत शिलाई मशीन चालवत होती ही!"

"चालवत नव्हते. रेटत होते."



तिला लगेच दाखल केलं. औषधांनी सूज उतरली. पुढच्या तपासणीत आकडा थोडा वर सरकला, तेव्हा नवऱ्याने चक्क मला हात जोडले. ती हसली. मलाही वाटलं, वाचली बिचारी.

मग एका दुपारी मला ढकलत घाईघाईने तिच्या खाटेपाशी नेलं. पडद्यावर तिचं हृदय नुसतं थरथरत होतं. थोड्या वेळाने तेही थांबलं.

"अजून एकदा बघा ना," नवरा म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी अजून एकदा बघितलं.

पुढे वर्षं गेली. मला हाताळणारी माणसं बदलली. जेली माझ्यावर तशीच वाळू लागली, वायर चाकाखाली चिरडली, पडद्यावर पट्टे उमटले. नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी अडगळीत झाली.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, एवढं तर मी सांगेनच. पण घरातलं कुणी दम लागतो म्हणालं, तर त्याला आळशी ठरवू नका. आम्ही आकडा दाखवतो तो फार उशिरा. माणूस त्याच्या कितीतरी आधी सांगत असतं.